दर्याला दिलेला हात

चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीत मढच्या एका बंगल्यात शूटिंग होतं. पार्टीचा सीन, म्हणून मागे ग्लास धरून उभं राहायला पाच-सहा गोरे प्रवासी आणले होते. संध्याकाळी युनिटचा टेम्पो निघून गेला आणि त्या गोऱ्यांतली एक पोरगी तापाने फणफणून फाटकाशी बसून राहिली. दिवे मात्र त्या लोकांनी एकूण एक मोजून नेले होते.

मासळी विकून परतणाऱ्या सगुणाने तिच्या कपाळाला हात लावला आणि तिला सरळ घरी आणलं. नाव इंगा, मुलूख स्वीडन. ताप चार दिवसांत उतरला, पण पोरगी राहिली तीन आठवडे. कालवण खाताना नाकाडोळ्यांतून पाणी काढायची आणि पुन्हा ताट पुढे करायची. सासू कृष्णाबाईने आधी नाक मुरडलं, मग तीच तिची वेणी घालू लागली. सगुणाचा नवरा बळवंत खुणांनी सांगायचा, पुढच्या खेपेला आलीस की तुला होडीतून नेतो. शेजारची मीरा कॉलेजातून आली की इकडचं बोलणं तिकडे सांगायची. एरवी सगळा हातवाऱ्यांचा कारभार.

सगुणाला पोर नव्हतं. हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

इंगा निघाली त्या दिवशी मीरा कॉलेजात होती आणि बळवंत आदल्याच दिवशी खलाशी लहूला घेऊन दर्यावर गेला होता. इंगाने कासाराकडून डझनभर हिरव्या बांगड्या आणल्या. सगुणाचा डावा हात बांगड्यांनी भरलेला आणि उजवा रिकामा, हे ती तीन आठवडे बघत होती. बिचारीला वाटलं असणार, गरिबी आहे, एकाच हातापुरत्या परवडल्या. कोळणीचा उजवा हात रिकामा का, ते तिला सांगणार कोण? लग्नात त्या हाताचा चुडा दर्याला वाहतात, माझ्या धन्याला सांभाळ म्हणून. तो हात मग पुन्हा भरायचा नसतो.

इंगाने तिचा उजवा हात धरला आणि स्वतः एकेक बांगडी चढवली. पोरीचे डोळे भरून आले होते. सगुणाला नको म्हणता आलं असतं, मान हलवायला काही भाषा लागत नाही. पण घरातून निघालेल्या पाहुणीचं मन कसं मोडायचं? तिने ठरवलं, इंगाला नेणारी तरीची होडी खाडीपलीकडे लागली की काढून ठेवू.

होडी पलीकडे वेसाव्याला लागली, परतही आली. सगुणाने बांगड्या काढल्या नाहीत. खरं सांगायचं तर दोन्ही हात एकदम वाजताना तिला फार बरं वाटत होतं. लेकीने घातल्यासारखं. उद्या काढू, ती स्वतःला म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी लहू दुसऱ्यांच्या होडीतून एकटाच आला. वारा नव्हता की वादळ नव्हतं. पहाटेच्या धुक्यात एका मोठ्या जहाजाने होडी मधोमध कापली आणि न थांबता पुढे गेलं. लहू फळी धरून तरंगला. बळवंत सापडलाच नाही.

कृष्णाबाईची नजर सुनेच्या उजव्या हातावर गेली. "सगुणे, दर्याला दिल्यालं परत घेतलंस?" एवढंच ती म्हणाली.

जहाजाने घात केला हे सगुणाला कळत नव्हतं असं नाही. अख्ख्या मढने तिला तेच समजावलं. पण तिच्या मनात एकच भुंगा: त्याच दिवशी काढल्या असत्या तर? जेवणाच्या ताटावर तेच, मासळीच्या पाटीपाशी तेच.

जूनमध्ये इंगाचं पत्र आलं. मीराने ते मराठीत सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात येते आहे. बळवंतला म्हणावं, होडीचं कबूल केलं आहेस, विसरू नकोस. आणि सगुणाचे दोन्ही हात भरलेले आठवले की मला इथे घरची आठवण आल्यासारखं होतं.

"लिव तिला," कृष्णाबाई कडाडली. "तुज्या बांगड्यांनी माजा पोर खाल्ला म्हनून लिव!"

मीराने सगुणाकडे पाहिलं.

"लिव, आमी सगली बरी हाव," ती म्हणाली. "ते दर्यावर गेलेत. तुजी आठवन काढतात."

मीराचं पेन थांबलं. "काकी, अगं पण ती येईल तेव्हा?"

"तवा सांगू. रडंल बिचारी. पन हितं रडंल, माज्या जवल. तिकडं कागद वाचून एकटीच रडत बसंल, तर तिला धरील कोन?"

कृष्णाबाईने तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"खाली नाव कुणाचं लिहू?" मीराने हळूच विचारलं.

"दोघांचं."

मीराने दोन्ही नावं लिहिली. सगुणाला अक्षर येत नव्हतं आणि नवऱ्याचं नाव तिने आयुष्यात कधी तोंडाने घेतलं नव्हतं. त्यांचं कुठलं, तिने विचारलं. मीराने दाखवलं. सगुणाने त्यावर बोट ठेवलं, आणि इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं रडणं तिला एकदम आलं.