आतून मालिश

मी मुद्गल बोलतोय. हो, व्यायामाला फिरवतात तोच, जाड बुडाचा आणि बारीक मानेचा. दचकू नका. उभा जन्म मी माणसांच्या डोक्यामागून फिरलो आहे, आणि डोक्यात काय शिजतंय ते मागून फार छान दिसतं.

माझा जन्म रामटेककडच्या रानातला. बिजाचं, म्हणजे बिबळ्याचं झाड होतो मी, चांगलं सरळसोट. एका सुतारानं मला तासून, घासून हा आकार दिला आणि मी नागपूरला जुन्या शुक्रवारीतल्या एका आखाड्यात येऊन पडलो. तेव्हा साठचं दशक नुकतंच लागलं होतं. वस्ताद विश्वनाथ यांनी मला तेल पाजलं, शेंदूर लावला, बजरंगबलीपुढे उभं करून नारळ फोडला. इतका मान मिळाल्यावर लाकूडसुद्धा फुगतं. मीही फुगलो.

मग माणसं आली. लग्न ठरलं की आखाड्यात येणारे आणि लग्न झालं की न येणारे पुष्कळ पाहिले. दोन बैठका मारून दंड फुगला का ते दहा वेळा चाचपणारेही पाहिले. कचेरीतले एक साहेब तर मला उचलायला आले आणि मला टेकून गप्पा मारत बसले. त्यांची तब्येत मात्र पुढे खूप सुधारली, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

बळीराम तसा नव्हता. गिरणीत कामाला होता, पाळी संपली की थेट आखाड्यात. त्यानं मला पहिल्यांदा खांद्यावरून फिरवलं तेव्हाच मी समजलो, हा हात खरा आहे. रेल्वेत पहिलवानांची भरती होणार होती. निवडीच्या कुस्त्या श्रावणात. जिंकला तर पक्की नोकरी आणि राहायला क्वार्टर. त्याची बायको मनकर्णा सार्वजनिक नळावर भांडून पाणी भरायची. क्वार्टरमध्ये घरातच नळ असतो, हे तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. हंडे कुठे मांडायचे तेसुद्धा तिनं ठरवून टाकलं होतं.

ऐन उन्हाळ्यात बळीरामचा उजवा खांदा लचकला.

"जोर बंद, मुद्गल बंद," वस्ताद म्हणाले. "खांद्याले आराम दे गा. रात्री मोहाच्या दारूत कापूर टाकून चोळून घे अन् गुमान झोप. श्रावणाले वेळ आहे."

चोळण्याची ही रीत आमच्याकडे जुनीच. दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतलेल्या आखाड्यात कोनाड्यात एक बाटली कायम उभी असायची. ती अंगाला लावायची, म्हणून ती दारू नव्हती. ते औषध होतं.

बळीरामनं इमानानं खांदा चोळून घेतला. बरं वाटलं. आणि मग त्या शहाण्याच्या डोक्यात विचार आला. वरून लावली तर एवढा आराम, मग आतून लावली तर केवढा! गिरणीतल्या सोबत्यांनीही मान डोलावली. काय अक्कल, काय अक्कल! खोबरेल डोक्याला चांगलं म्हणून कुणी वाटीभर पीत नाही. पण दारूची गोष्ट आली की माणसाची बुद्धी भलतीच धावते.

तर अशी आतून मालिश सुरू झाली. आधी घोटभर, मग पेलाभर. आणि आश्चर्य, दुखणं गेलं! दुखणं गेलं म्हणजे खांदा बरा झाला, असं त्यानं जाहीर केलं आणि चार दिवसांत परत येऊन माझी मान धरली.

मला नाक नाही, पण हात कळतो. तो तळवा गार पडलेला, घामेजलेला आणि थरथरणारा होता. दोन फेऱ्यांत दम लागायचा. पोटऱ्यांत गोळे यायचे, घशाला कोरड पडायची. "ऊन लय आहे," तो म्हणायचा. नागपुरात ही सबब कधीच खोटी ठरत नाही. आत फाटलेला खांदा मला धडधडीत जाणवत होता. त्याला मात्र काहीच जाणवत नव्हतं, कारण जाणवणारी जागाच त्यानं रात्री बधिर करून ठेवलेली असायची.

एकदा मनकर्णा आखाड्याच्या दाराशी आली. बायका आत येत नसत. पदर सावरून तिनं वस्तादांना बाहेरूनच विचारलं.

"वस्ताद, हे रातभर घोरते, पण सकाळी उठते तं डबल पाळी करून आल्यावानी. भिजवलेले बदाम तसेच राह्यते. दूध प्याले तं ओकून टाकते. काहून असं?"

वस्तादांनी बळीरामला जवळ बोलावून हुंगलं. "घामाले वास येऊन राहिला बे तुया."

"मालिशीचा आहे, वस्ताद."

आता बोला! आखाड्यातल्या निम्म्या लोकांच्या अंगाला तोच वास. वस्तादांनी विश्वास ठेवला. ज्या रीतीनं पहिलवानांची अंगं सांभाळली, त्याच रीतीच्या आड हा गडी मजेत पीत राहिला.

श्रावण आला. निवडीला मी गेलो नव्हतो, मुद्गलाला कोण नेतं? पण दुसऱ्या दिवशी आखाड्यात दुसरा विषयच नव्हता. पहिला गडी बळीरामनं झटक्यात चीत केला. दुसऱ्यानं नुसता हात मुरगाळला आणि खांदा जागचा निखळला. बळीराम मैदानात गुरासारखा ओरडला म्हणे. रेल्वे गेली, क्वार्टर गेलं, आणि दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की हा हात आता खांद्याच्या वर जाईलसं वाटत नाही.

मग आखाड्यात पंचायत बसली. दोष कुणाचा? आणि पंचांनी एकमतानं निकाल दिला, मुद्गलाचा! हाच भारी पडला पोराला. याचं लाकूडच अपशकुनी. नागपंचमीला गदा, लेझीम, फावडं, सगळ्यांची पूजा झाली. झाडूलासुद्धा कुंकू लागलं. मी कोपऱ्यात तोंड काळं करून उभा. कोनाड्यातल्या बाटलीला मात्र कुणी एका शब्दानं बोललं नाही. ती बिचारी औषध ना! राग आला मला, फार राग आला. हात असते तर एकेकाला असा हाणला असता.

तेवढ्यात दाराशी मनकर्णा उभी.

"वस्ताद, तो मुद्गल मले द्या."

"कायले वं? चुलीत घालाले?"

तिनं पदराखालून एक बाटली काढली आणि उंबऱ्यावर ठेवली. "हे पेटीत सापडलं. हुंगून पाहा."

वस्तादांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. "याच्यात कापूर कुठं आहे?"

"कापूर चोळाच्या बाटलीत आहे, वस्ताद. हे प्याची आहे."

वस्ताद खालीच बसले. मग उठले, मला स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि तिच्या मागोमाग घरी आले. बळीराम हात गळ्यात बांधून खाटेवर पडला होता. त्याला वाटलं, आता बाटली फुटणार. मनकर्णानं फोडली नाही. पाटावर चढून तिनं ती सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

"प्या ना. मी कुठं नाही म्हणून राहिली? उजव्या हातानं काढा अन् प्या. पाट घ्याचा नाही, डावा हात लावाचा नाही. हात वर न्याले हा मुद्गल आहे."

"अन् बाहेरचा एक थेंब नाही," वस्ताद म्हणाले. "लंगोट धरून बोल, बळ्या. का तेवढाही पहिलवान राहिला नाहीस?"

ते झोंबलं. "डावा हात लावीन तं लंगोट सोडीन," तो गरजला. बाहेरचीही शपथ त्याच दमात घेतली. पहिलवान खोटं बोलतो, उधळतो, घर बुडवतो. पण लंगोट धरून घेतलेली शपथ त्याच्या हातून मोडत नाही.

पहिले दिवस वाईट गेले. तो कापायचा, ओरडायचा, ताट भिरकावायचा, बायकोला नको ते बोलायचा. ती रडायची, पण फळीला हात लावायची नाही. खांद्याची पट्टी सुटली तशी त्यानं चिडून माझी मान धरली. उचलता आलं नाही, नुसतं ओढलं. मग वाकून, मला लोंबतं धरून, हळूहळू झुलवायला लागला. रोज. मग कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत.

दारूसाठी इतक्या निष्ठेनं व्यायाम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गंमत अशी की प्यायला मिळावी म्हणून धडपडताना त्याचं पिणं सुटलं होतं. झोप खरी लागू लागली. भूक लागली, बदाम संपू लागले, तळवा कोरडा आणि गरम झाला. दुखलं की "आई गं" म्हणून थांबायचा, आणि खांदा त्या थांबण्यात भरत जायचा. मूर्खाला शहाणपण असंच आडवळणानं शिकवावं लागतं.

थंडीतली सकाळ. मनकर्णा भाकरी थापत होती. बळीराम फळीखाली उभा राहिला, दात आवळले आणि हात वर नेला. बोटं बाटलीला लागली. त्यानं बाटली खाली काढली. मनकर्णाचा हात पिठावर तसाच राहिला.

बळीरामनं बाटलीकडे पाहिलं. मग ती परत वर ठेवली. आणि परत काढली.

"पाह्य वं! पोचते!"

पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. खेळणं सापडल्यासारखा हसत होता तो बैल. तव्यावरची भाकरी जळली तरी मनकर्णा हलली नाही, पदर तोंडाला लावून रडत राहिली.

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. ऐंशीचं दशकही अर्ध्यावर आलं. रेल्वेनं पुन्हा बोलावलं नाही. मनकर्णा अजून त्याच नळावर भांडते. माझ्या बुडाला चीर गेली आहे, मी त्यांच्याच घराच्या दाराशी उभा असतो. बळीराम रोज सकाळी उजव्या हातानं ती बाटली काढतो, थोडा वेळ धरतो आणि वर ठेवतो. तेवढा वेळ मनकर्णा भाकरी थापायची थांबते. रोज थांबते.

तुमचं अंग दुखत असेल तर दुखू द्या, झोपा, पाणी प्या आणि मग माझ्याकडे या. इतकंच मागणं. आज सकाळीही बाटली वर गेली, बूच न काढता. उद्याचं मी सांगू शकत नाही. तोही सांगत नाही.