पपनसाचं सरबत

सरोजिनीबाईंनी बडोद्याच्या शाळेत पस्तीस वर्षं इतिहास शिकवला आणि पस्तीस वर्षं मुलांना झोपवलं. त्यांना हे कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं, इतकंच. निवृत्त झाल्यावर त्यांनी बडोद्याच्या गादीवर गदा आणणारं एक खरंखुरं प्रकरण मुलांसाठी लिहून काढलं आणि ते बाड काखेत मारून घडियाळी पोळातल्या सलीलच्या छापखान्यात गेल्या. सलील त्यांचाच विद्यार्थी. म्हणजे त्यांच्याच तासाला झोपलेला.

"छापतो ने बाई," तो म्हणाला, "पण आधी मुलांना वाचून दाखवा. मी येऊन बसतो. कुणीही एकानं जरी 'पुढे काय झालं' असं विचारलं, तर सोमवारी मशीनवर. नाही विचारलं, तर राहू दे आपलं."

पस्तीस वर्षांत मुलांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, "हे परीक्षेत येणार का?" पुस्तक निघालं नाही तर ती सगळी वर्षं फुकट गेली असं होईल, याची त्यांना फार धास्ती होती.

रविवारी सकाळी बिल्डिंगमधली सहा मुलं हॉलमध्ये जमली. सलील स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसला. आत बाईंचे यजमान, श्रीकृष्णराव, करजणहून मित्रानं पाठवलेली पपनसं सोलत होते. बाजव्याच्या रिफायनरीतून निवृत्त झालेला हा माणूस स्वभावानं सोन्यासारखा; पण अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं एकही वाक्य शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. हेच प्रकरण बाईंनी त्यांना दोनदा वाचून दाखवलं होतं आणि दोन्ही वेळा ते "फक्कड!" म्हणाले होते.

बाईंनी वाचायला सुरुवात केली ती बडोद्याच्या दरबारात मानकरी असलेल्या आपल्या पणजोबांपासून. दरबारच्या जुन्या घराण्यांत पूर्वजाचं नाव कुणी नुसतं घेत नाही. त्यामुळे राजमान्य राजश्री गोविंदरावांचा हुद्दा आला, पालखीचा मान आला, अब्दागिरी आली, दसऱ्याला मिळालेली वस्त्रं आली. मूळ प्रकरणाशी गोविंदरावांचा संबंध एवढाच, की त्या आठवड्यात ते रजेवर होते.

तिसऱ्या पानावर अकरा वर्षांचा केयूर सतरंजीवर आडवा झाला. यशश्री वेणी सोडून पुन्हा घालू लागली. सलीलची मान जुन्या सवयीनं छातीवर आली. श्रीकृष्णरावांनी पहिला ग्लास त्याच्या हातात दिला तेव्हा तो दचकून जागा झाला आणि झोप उडवायला त्यानं तो एका दमात रिकामा केला.

बाईंनी हे सगळं पाहिलं. पणजोबांची मनातल्या मनात माफी मागितली आणि उरलेली पालखी, अब्दागिरी सगळं एकदम उलटून टाकलं.

"१८७४ सालचा नोव्हेंबर. इंग्रजांचा रेसिडेंट इथे बडोद्यातच राहायचा. त्याचं आणि मल्हारराव महाराजांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एके सकाळी साहेब फिरून घरी आला. नेहमीप्रमाणे त्याच्यासाठी भरून ठेवलं होतं..."

"पपनसाचं सरबत!" म्हणत श्रीकृष्णराव ट्रे घेऊन बाहेर आले.

केयूर उठून बसला. ग्लास हातोहात गेले. बाई थांबल्या नाहीत. आता थांबणं त्यांना जमणारच नव्हतं.

"साहेबानं दोन-तीन घोट घेतले. चव वेगळीच लागली. उरलेलं त्यानं बाहेर फेकून दिलं. मग पाहतो तर ग्लासच्या तळाशी गाळ! तपासणी झाली. त्यात निघाला सोमल. भयंकर विष! आणि हिऱ्याची पूड."

केयूरनं आपला ग्लास खिडकीकडे धरला. तळाशी काहीतरी लुकलुकत होतं. "आजोबा, आ नीचे शुं चमके छे?"

श्रीकृष्णरावांनी सरबतात खडीसाखर कुटून घातली होती आणि ढवळायला ते विसरले होते. पण प्रश्न त्यांनी सवयीप्रमाणे अर्धाच ऐकला. "पी रे, पी," ते म्हणाले. "त्यानंच तर मजा येते."

पाच ग्लास एकदम खाली ठेवले गेले. सहावा यशश्रीनं बाल्कनीतल्या तुळशीला ओतला आणि सगळी मुलं कुंडीभोवती कोंडाळं करून तुळस कधी मान टाकते ते पाहू लागली. बाई हातात कागद धरून बसून राहिल्या. मुलं जागी झाली होती, हे खरं. पण पुढचं मात्र कुणीच विचारत नव्हतं. त्यांना रडू कोसळायचंच बाकी होतं.

तेवढ्यात दाराशी खुर्ची सरकली. सलील उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि हातातल्या रिकाम्या ग्लासच्या तळाकडे तो टक लावून पाहत होता.

"बाई," तो कसाबसा म्हणाला, "पछी? पुढे काय झालं? वाचला का तो साहेब?"

बाईंना आनंद मावेना. मग त्यांनी शांतपणे बाडाचे कागद जुळवले, त्यातली पणजोबांची तीन पानं काढून पदराखाली ठेवली आणि उरलेलं बाड सलीलच्या हातात दिलं.

"ते पुढच्या पानांवर आहे," त्या म्हणाल्या. "छापताना वाच."