थोरलीच्या आडोशाला

आमच्या डोंगरावर दोन झुडपं एकमेकींना चिकटून वाढतात. आम्ही खणणारे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो, जावा-जावा असल्यासारख्या. थोरलीचं मूळ म्हणजे जहर. शेळ्यामेंढ्या तिच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत, म्हणून तिच्या आडोशाला धाकटी जगते. उघड्यावर उगवली तर दोन पानं फुटायच्या आत फस्त. वरचा बोचरा वाराही थोरलीच अंगावर घेते. या उपकाराची वसुली ती करते म्हणा. धाकटीच्या वाटचं पाणी पिते, ऊन अडवते आणि मुळं अशी गुंतवते की खणताना दोघी एकदमच हाताला येतात. खोकल्यावर धाकटीसारखं औषध नाही, पण ते हवं तर जहरात हात घालावा लागतो.

धुतल्यावर मुळं सारखीच दिसतात, म्हणून ती जिभेने निवडायची. मूळ मोडायचं, टोक जिभेला लावायचं आणि थुंकायचं. गोड लागली तर धाकटी, चुरचुरली तर थोरली. हे काम फक्त सासूबाईंचं. इतकी वर्षं मी त्या घरात राबले, पण एक मूळ त्यांनी मला चाखू दिलं नाही. "तुझी जीभ उलट उत्तरं द्यायलाच बरी," म्हणायच्या. त्यांची जीभ दोन्ही कामांत तरबेज होती, हे मी मनातच ठेवायचे. खरं सांगायचं तर त्या होत्या म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

त्या दिवशी हे खणायला वर निघाले तेव्हा खोकून खोकून बेजार झाले होते. सासूबाईंनी निवडलेल्या ढिगातली मूठभर मुळं त्यांच्या खिशात कोंबली आणि चघळत जा म्हणाल्या.

मी मागच्या खोलीत तोच ढीग पोत्यात भरत होते. एक लांब मूळ आत जाईना आणि हात पोत्यात अडकलेले, म्हणून मी ते दातांनी तोडलं. आधी ओठ चुरचुरला. मग तो माझा नसल्यासारखा जड झाला. मी थुंकले आणि ते मूळ घेऊन सासूबाईंकडे गेले.

"आई, हे जरा बघता?"

त्यांनी टोक जिभेला लावलं. "गोड आहे. धाकटीच."

कोपऱ्यात न धुतलेला माल होता, देठापानांसकट. पानांवरून थोरली मलाही ओळखता येते. मी तिचं एक मूळ उपटलं, पान तोडलं, पदराला पुसून पुढे केलं.

"आणि हे?"

"तेही गोड. आज काय परीक्षा घेतेस का माझी?"

"आई, हे थोरलीचं आहे. पान मी आत्ता तोडलंय."

त्यांच्या हातातलं मूळ खाली पडलं.

"चव तापात गेली," त्या म्हणाल्या. "जीभ नुसती लाकूड झालीय. मीठसुद्धा कळत नाही."

"मग निवडत कशा होता?"

"अंदाजानं. रंग बघून. माझ्याशिवाय दुसरं कोण करणार होतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडायला वेळ कुठे होता? दवाखान्याची गाडी पायथ्याशी बोलवा, एवढं सांगून मी चढण धरली.

जिकडे बघावं तिकडे तीच झुडपं, एकमेकींना बिलगून. मी ह्यांना हाका मारत होते आणि उत्तर येत नव्हतं. मला भयंकर भीती वाटत होती. पाय आपोआप चालत होते म्हणून पोचले.

हे एका दगडाला टेकून बसले होते. मला बघून हसले.

"खोकला पळाला बघ. आईच्या मुळीला तोड नाही. ओठ मात्र झोपलेत, आणि हातांना मुंग्या आल्यात."

"किती खाल्लीत?"

त्यांनी खिसा उलटा केला. नुसती माती पडली.

"अगं, आईनं चाखून दिलेली आहेत. एवढी घाबरतेस काय?"

उतरताना त्यांना उलट्या सुरू झाल्या. शेवटच्या टप्प्यात मी आणि गाडीवाल्याने त्यांना उचलूनच आणलं.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. या विषावर उतारा नाही, म्हणाल्या. हृदयाचे ठोके चुकताहेत, ते ताळ्यावर ठेवायची धडपड चाललीय, संध्याकाळपर्यंत तग धरला तर वाचतील. पलंगाजवळचं यंत्र मध्येच थांबायचं, आणि ते पुन्हा वाजेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत राहायचे. ह्यांनी एका हाताने माझा हात धरला होता. पलीकडे सासूबाई होत्या.

"आई," हे म्हणाले. त्यांचा आवाज जेमतेम येत होता. "तू चाखली होतीस ना?"

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढी भीती मी कधी पाहिली नव्हती.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "आजची हिनं निवडली होती."

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात यंत्र अडखळलं. डॉक्टरीणबाई धावत आल्या.

"आता एक शब्द बोलू नका त्यांच्याशी," त्या मला म्हणाल्या. "एवढासा धक्काही सोसणार नाही."

मी गप्प बसले. ह्यांनी माझा हात सोडला, चाचपडत आईचा शोधला आणि घट्ट धरून डोळे मिटले.