काकडांशिवाय शेवळं

सोनूने दुसरा घास ताटात थुंकला आणि दोन्ही हातांनी गळा धरला.

“आई, टोचतंय.”

अंजली तव्यावरची भाकरी उलटत होती. पोरीचे नेहमीचे नखरे असतील म्हणून तिने मागे न बघताच म्हटलं, “गुमान खा. नवी भाजी हाय.”

सोनू रडायला लागली. पण हे रडणं हट्टाचं नव्हतं. अंजलीने वळून बघितलं तर पोरीचे ओठ लालबुंद झालेले, जीभ बाहेर, हनुवटीवरून लाळ गळत होती. अंजलीने कढईतली चिमूटभर भाजी स्वतःच्या तोंडात टाकली. क्षणभर काहीच नाही. मग कुणीतरी घशात खाजकुयली घासावी तसं झालं. चार वर्षांच्या लेकराला आपल्याच हाताने विष चारलं.

भाजी सकाळी चाकणच्या बाजारात घेतली होती. कोपऱ्यावर एक ठाकर बाई टोपली घेऊन बसली होती. टोपलीत मातीतून नुकत्याच निघालेल्या जांभळट कोंबांच्या जुड्या होत्या. परभणीकडे अंजलीने असलं कधी पाहिलं नव्हतं. तीन आठवडे फ्लॉवर आणि बटाटा खाऊन ती विटली होती. इथली म्हणून काही भाजी खावी, म्हणजे इथं राहिल्यासारखं वाटेल, असं तिला वाटलं. बाईने जुडीबरोबर आवळ्याएवढी हिरवी फळं पिशवीत टाकली तेव्हा मात्र ती सावध झाली. ‘इथं लोक काहीही गळ्यात मारतात, बघून घेत जा,’ असं नवऱ्याने बजावलं होतं. तिने फळं काढून परत टोपलीत टाकली. बाई काहीतरी सांगत होती, पण मागून ट्रकांचे हॉर्न, आणि अंजलीला आपण कशा फसलो नाही याचाच आनंद. घरी येऊन तिने अर्धी जुडी कांदा-लसणात परतली. पडली की नाही शहाणी!

तिने सोनूच्या तोंडात साखर घातली. साखर संपली, रडणं संपेना. नवऱ्याला फोन लावला. तो वाजत राहिला. वाजणारच, पहिल्या पाळीला सगळ्यांचे मोबाइल गेटवर जमा होतात. साडेतीनपर्यंत तो मिळणार नव्हता.

उरली शालनबाई.

शालनबाई घरमालकीण. जमीन एमआयडीसीत गेली, उरल्या तुकड्यावर तिने बारा खोल्या बांधल्या आणि दिवसभर ओट्यावर बसून बाराच्या बारा दारांवर नजर ठेवली. पहिल्याच दिवशी तिने सांगून ठेवलं होतं, “पानी जपून वापरायचं. गोंधळ न्हाई पायजे. आन् भिताडाला खिळा ठोकायचा न्हाई, मंग कुनी का आसंना.” अंजली तिच्यासमोरून मान खाली घालून जायची. कारण वेगळं होतं. याआधी दोन ठिकाणी आडनाव विचारून झाल्यावर खोली अचानक ‘पाहुण्यांना दिलेली’ निघाली होती. म्हणून इथे नवऱ्याने ‘मी रतन, परभणीचा’ एवढंच सांगितलं. आधारकार्डाची झेरॉक्स दिली तेव्हा म्हातारी म्हणाली, चष्मा न्हाई, ठिव तिथं. तो सुटलाच म्हणायचा. त्याने बाबासाहेबांचा फोटो कपाटात ठेवायला लावला होता. “जरा बस्तान बसू दे, मग काढू.” अंजलीला ते आवडलं नव्हतं. पण पुन्हा टेम्पोत सामान भरायची धास्ती त्याच्याहून तिला जास्त होती.

सोनूला खोकल्याची उबळ आली. अंजलीने तिला कडेवर उचललं आणि ओट्याकडे धावली.

“मावशी! बघा की लेकराला काय झालंय!”

शालनबाईने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. पोरीची हनुवटी धरून म्हणाली, “आ कर. आजून. श्वास घे बगू जोरात.” सोनूने हुंदका देत श्वास घेतला. “घेतीया की चांगला. काय खाल्लं हिनं?”

“नवी भाजी होती. नाव नाही माहीत.”

“दाव मला.”

म्हातारी चपला काढून खोलीत शिरली आणि तेव्हाच अंजलीला कपाट दिसलं. साखरेचा डबा काढताना दार सताड उघडं राहिलं होतं. वरच्या फळीवर निळ्या चौकटीतला फोटो, समोर प्लास्टिकचं फूल. शालनबाईची नजर तिथे गेली आणि थांबली. अंजलीने पुढे होऊन दार लोटायचा विचार केला, पण म्हातारी मधेच उभी होती.

“भाजी कुटं हाय?” शालनबाईने विचारलं.

अंजलीने कढईकडे बोट केलं. म्हातारीने दोन बोटांनी भाजी उचलली, तोंडात टाकली, चावली आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

“आगं बया! शेवळं हायेत ही! काकडं कुटं हायेत?”

“ती हिरवी फळं? परत दिली मी.”

“परत दिली! काकडाबिगर शेवळं कुनी रांधतंय व्हय? त्या आंबटानंच खाज मरती. मेलं कुनी न्हाई त्यानं, पर घसा धरून बसावं लागतं. आता मीबी बसते तुज्यासंगं.”

ती घरातून चिंच आणि गुळाचा खडा घेऊन आली. तिघी उंबऱ्यात बसून चिंच चोखू लागल्या. अर्ध्या तासात सोनूचं रडणं थांबलं. तिला ते आंबटगोड आवडलंही, आणखी मागायला लागली. शालनबाई उठली, गुडघे चोळले आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

तो न बोललेला शब्दच अंजलीला दुपारभर खात होता. पोर वाचली, देवासारखी धावून आली म्हातारी, सगळं खरं. पण फोटो पाहिला होता तिने. आधीच्या घरमालकिणीही गोडच बोलल्या होत्या. सोनू झोपल्यावर अंजली दोरीवरचे कपडे काढून घड्या घालू लागली. घड्या कपाटात न जाता गोणीत जात होत्या, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

चारला नवरा आला. सगळं ऐकल्यावर त्याने आधी सोनूच्या कपाळाला हात लावला, मग हळूच विचारलं, “फोटो पाहिला?”

“पाहिला.”

“काही बोलली?”

“काहीच नाही.”

तो खाली बसला. बुटाची नाडी अर्धी सोडून तसाच राहिला.

तेवढ्यात दार वाजलं. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. उघडलं तर शालनबाई, हातात वर्तमानपत्राची पुडी.

“नातवाला धाडून काकडं आनली. राहिलेली जुडी आज कर. वरची सालपटं काढ, बुडाचा पिवळा भाग टाकून दे, काकडाचा रस घाल आन् मग हरभऱ्याची डाळ. सुकट घातली तर लईच झ्याक लागतं म्हनत्यात. मी माळकरी, मला ठावं न्हाई.” मग ती नवऱ्याकडे वळली. “आन् बुद्धरत्न, बायकोला माजा नंबर दिऊन ठिव. लेकराला घिऊन कुटं पळंल ती?”

तो उभा राहिला. तीन आठवड्यांत या गावात कुणी त्याला आधारकार्डावरच्या त्या पूर्ण नावाने हाक मारली नव्हती.

“मावशी, तुम्ही... चष्मा नाही म्हणाला होतात.”

“तवा नव्हता. दुसऱ्या दिशी सापडला.”

पुडी अंजलीच्या हातात देऊन ती वळली आणि ओट्याकडे चालू लागली.

अंजलीने पुडी ताटात उलटली. आठ-दहा काकडं घरंगळली आणि शेवटी टण्णकन काहीतरी वाजलं. बोटभर लांबीचा खिळा होता, नवाकोरा.

 बुद्धरत्नने कपाट उघडून फोटो बाहेर काढला. अंजलीने वरवंटा उचलला आणि दारासमोरच्या भिंतीवर, आल्या-गेल्याला दिसेल अशी जागा निवडली. पहिला ठोका तिने घाबरत, हळूच मारला. बाहेर ओट्यावर सुपाचा आवाज चालूच होता. दुसरा ठोका तिने जोरात मारला.