न थांबता टेकडी

“हीटर फुल कर,” सिस्टर म्हणाल्या.

मुलाने आधी आईकडे पाहिलं, मग काचेबाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे.

“हीटर? आता?”

“इंजिनाची थोडी उष्णता आपण अंगावर घेतली की तेवढाच त्याचा भार हलका होतो. कर फुल. आणि तो कोट मागे टाक, नाहीतर अंगातल्या अंगात इस्त्री होईल त्याची.”

सिस्टर म्हणजे त्याची आई. एकतीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढल्यावर लोकांनी त्यांचं खरं नाव बाजूलाच ठेवलं होतं. निवृत्त झाल्या तरी घरी बसणं काही त्यांना जमलं नाही. ज्यांना दवाखान्यापर्यंत जाववत नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जखमा धुवायला, पट्ट्या बदलायला त्या घरोघर जायच्या. आणि जायच्या या गाडीतून. पांढरी, चार दारांची, एकोणीस वर्षांची. स्वतःच्या पगारातून घेतलेली त्यांची ही पहिली मोठी वस्तू, आणि शेवटचीही.

गाडीचं दुखणं एक असतं तर सांगायचं. ड्रायव्हरकडचं दार आतून उघडत नसे, काच खाली करून बाहेर हात घालावा लागे. क्लच इतका कडक, की डावा पाय वेगळा व्यायाम केल्यासारखा दमायचा. एसी बंद पडून चार वर्षं झाली होती. स्टिअरिंगचं तेल ठिबकायचं, आणि खड्ड्यात पुढचं चाक असं खडखडायचं की जाणाऱ्यायेणाऱ्यांनी बाजूला व्हावं. हॉर्न बिघडला त्याची सिस्टरांनी म्हणूनच फारशी फिकीर केली नव्हती. सगळ्यात वाईट म्हणजे रेडिएटर. दोनदा दुरुस्त होऊनही तो झिरपायचा, आणि चढावर इंजिन तापायचं.

मागच्या महिन्यात याच चढावर गाडी उकळली आणि सिस्टर दोन तास उन्हात बसून राहिल्या. मुलाला कचेरीतून धावत यावं लागलं. तेव्हापासून त्याने धोशा लावला होता. “वर्षभरात हिच्या दुरुस्तीला घातलं त्यात एक धडधाकट गाडी आली असती, आई. आणि खरं सांगू? गाडी गेली की तुझं हे वणवण फिरणंही थांबेल. घरी बस की आता आरामात.”

हे शेवटचं वाक्य सिस्टरांना झोंबलं. काल रात्री रागाच्या भरात त्या म्हणाल्या होत्या, “उद्या माझ्याबरोबर बस. टेकडी न थांबता चढली तर पुन्हा या गाडीबद्दल ब्र काढायचा नाही. थांबली तर किल्ली तुझी.”

मुलगाही त्यांचाच. भंगारवाल्याचा ट्रक त्याने आजच पायथ्याशी आणून उभा केला होता.

पहिलं वळण गाडीने गुमान घेतलं. दुसऱ्यावर सिस्टरांनी गिअर खाली आणला. हीटरची झळ तोंडावर येत होती आणि दोघंही घामाने निथळत होते. मुलाचा चष्मा नाकावरून घसरायला लागला.

“हे रोज करतेस तू?”

“रोज कशाला? एक दिवसाआड. रविवारी सुट्टी.”

त्याला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. तिसऱ्या वळणावर तापमानाचा काटा मध्याच्या पुढे सरकला. मुलगा आता रस्त्याकडे पाहतच नव्हता, नजर काट्यावर खिळली होती. चौथ्या वळणावर त्याच्याही नकळत तो सीटच्या टोकाशी येऊन बसला.

“आई, फाटक दिसतंय! शेवटचं वळण! चल, चल!”

खरंच दिसत होतं. टेकडीच्या माथ्यावर राहणाऱ्या त्यांच्या पेशंटचं, म्हाताऱ्या घड्याळजींचं हिरवं फाटक, फार तर चाळीस पावलांवर. काटा लाल रेघेला टेकला होता. बॉनेटखालून गोडसर, करपट वास आला. सिस्टरांना तो वास ओळखीचा होता. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“अगं, काय केलंस!” मुलगा ओरडला. “पोचलो होतो की! जिंकली होतीस तू!”

“इंजिन जाळून?”

“चाळीस पावलांत काय जळणार होतं?”

“जळतं. एकदा जळलं की पुन्हा उभं राहत नाही. एकतीस वर्षांत हातातलं कोणी मी मुद्दाम जाऊ दिलेलं नाही, आज कशाला देऊ?”

बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मुलाने मागे वळून रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “कोणी पाहिलेलं नाही. मी सांगतो चढली म्हणून. ठेव गाडी.”

“मी पाहिलंय ना,” सिस्टर म्हणाल्या. “आणि दयेवर मिळालेली गाडी मला चालवता यायची नाही.”

काचेतून हात बाहेर घालून त्यांनी दार उघडलं, मागच्या सीटवरची पट्ट्यांची पिशवी घेतली आणि किल्ली मुलाच्या हातावर ठेवली.

“गरम असताना झाकण उघडू नकोस, भाजशील.”

“आणि उद्यापासून?”

“उद्यापासून काय? जखम घड्याळजीकाकांच्या पायाला आहे, गाडीला नाही. पैज गाडीची होती बाळा, माझी नव्हती.”

“म्हणजे चालत येणार तू? या चढावर?”

“माझ्या पायांसाठी तू अजून ट्रक बोलावलेला नाहीस ना?” असं म्हणून त्या चढ चढू लागल्या. मधे एकदा दम लागला, तशा कठड्याला धरून थांबल्या. मुलगा मागून धावत आला तेव्हा त्यांनी नुसता हात करून त्याला परत पाठवलं.

घड्याळजी खिडकीपाशी, पाय स्टुलावर टेकून बसले होते. सिस्टरांनी हात धुतले, हातमोजे चढवले आणि पट्टी सोडायला घेतली.

“सिस्टर,” घड्याळजी बाहेर पाहत म्हणाले, “खालून ट्रक आलाय. तुमच्या गाडीला साखळी लावतायत.”

उठावं, खिडकीशी जावं, एकदा तरी डोळे भरून पाहावं, असं सिस्टरांना फार वाटलं. पण पट्टी अर्धी सुटली होती.

“लावू दे,” त्या म्हणाल्या. “पाय हलवू नका, काका.”

बाहेर साखळीचा आवाज झाला. मग ट्रक सुरू झाला आणि त्याचा आवाज उतारावरून लांब लांब गेला. सिस्टरांनी चिकटलेला शेवटचा पदर मिठाच्या पाण्याने भिजवला, सुटेपर्यंत वाट पाहिली आणि हलक्या हाताने उचलला.

“आता कसं यायचं तुम्ही?” घड्याळजींनी भीतभीत विचारलं. “की बंद करायचं ठरवलंत?”

“परवा अर्धा तास उशीर होईल, एवढंच,” सिस्टर म्हणाल्या, आणि कागदी मोजपट्टी जखमेवर धरून त्यांनी माप घेतलं. मागच्या आठवड्यापेक्षा जखम नखभर भरून आली होती.