मागच्या डाव्या चाकातला सेन्सर

मी घोडेगावच्या बिभीषणकाकांच्या गाडीतून बोलतोय. नेमकं सांगायचं तर मागच्या डाव्या चाकाच्या आतून. तुम्ही मला पाहिलेलं नसणार. टायरमध्ये हवा भरताना ज्या व्हॉल्वची टोपी काढता, त्याच्याच मुळाशी, रिमला चिकटून मी बसलेला असतो. काडेपेटीएवढाच आहे म्हणा. टायरात हवा किती आहे ते मोजायचं आणि चालकासमोरच्या पडद्याला कळवायचं, एवढंच माझं काम. मला सेन्सर म्हणतात.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात बॅटरी घालून मला जे बंद केलं ते कायमचंच. माझे तीन भाऊ बाकीच्या तीन चाकांत आहेत. चाक फिरलं की आम्ही जागे होतो, गाडी थांबली की डुलकी काढतो.

गाडी आधी नगरच्या एका डॉक्टरांकडे होती. त्यांच्याकडून ती बिभीषणकाकांनी घेतली. काका एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावरही सकाळी लाकडी दांडकं घेऊन चारी टायर ठोकून बघायचे आणि आवाजावरून हवा ओळखायचे.

"पडद्यावरल्या दिव्यानं कशाला सांगाया पायजे?" ते बायकोला, बनुबाईंना म्हणायचे. "टायर सोता बोलतो."

मला राग यायचा नाही, कारण काकांचा अंदाज खरा निघायचा. एकदा ते म्हणाले, "मागचं डावं दोन पॉइंट कमी हाय." मीही तोच आकडा धरून बसलो होतो. इतका जाणता मालक मिळाला याचा मला अभिमानच वाटला.

मग काकांना नवीन चाकांची हौस आली. चकचकीत, पाच पात्यांची अलॉय व्हील.

"ह्या वयात नटायचं सुचतंय व्हय तुमाला?" बनुबाई हसल्या.

"मी कुठं नटतोय? गाडी नटवतोय. एसटीला कोन लावू देनार हुतं असली चाकं?"

नगरच्या एका दुकानात चाकं बदलली. तिथल्या माणसाला घाई होती. "हे सेन्सर नव्या चाकाला बसत नाहीत," असं सांगून त्यानं साधे व्हॉल्व लावले, आम्हा चौघांना पिशवीत घातलं आणि पिशवी गाडीच्या पुढच्या कप्प्यात टाकली. चाकं दिसायला देखणी होती, हे मी मान्य करतो. पण त्या दिवसापासून पडद्यावरचा पिवळा दिवा आधी लुकलुकायचा आणि मग लागूनच राहायचा. बनुबाईंना तो डोळ्यांत खुपायला लागला. त्यांनी कपाळाची टिकली काढून त्यावर चिकटवली. विषय संपला.

कप्प्यात एक फायदा झाला. माणसांचं बोलणं जवळून ऐकू यायला लागलं. त्याच दिवसांत बनुबाई गाडी शिकत होत्या.

"क्लच हळू सोड. भाकरी थापतीयेस का?"

"भाकरी तुमाला जमती का? मग गप बसा."

दोन महिन्यांत त्या छान चालवायला लागल्या. काका मात्र शेजारी बसून पाय दाबायचे, जणू ब्रेक त्यांच्याकडेच होता.

एका सकाळी नेवाशाला निघताना काकांनी नेहमीसारखे चारी टायर ठोकले. "ठीक हाय," म्हणाले. वडाळ्याच्या पुढे गाडी डावीकडे ओढायला लागली. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता, मागे दोन ट्रेलर. बनुबाईंनी दचकून ब्रेक मारला नाही. स्टिअरिंग घट्ट धरलं, वेग कमी करत गाडी कडेला घेतली. ट्रॅक्टर शेजारून धडधडत गेला. मागच्या डाव्या टायरचा पार चोथा झाला होता. त्यातली हवा रात्रीपासून जात असणार, आणि ते सांगणारा मी पिशवीत पडलो होतो.

काका चाक बदलायला उठले नाहीत. दार उघडं ठेवून तसेच बसून राहिले.

"बनू, सकाळी मी टायर वाजवला, पन मला आवाजच आला न्हाई," ते म्हणाले. "चार म्हैने झालं. सवयीनं ठीक हाय म्हंतोय."

बनुबाई उतरून त्यांच्या दाराशी आल्या. "मला वाटायचं, तुमी मुद्दाम ओ देत न्हाई," त्या म्हणाल्या.

"मुद्दाम कशाला? लाज वाटत हुती. सगळा जन्म कानावर गाडी चालवली."

"मंग आता माज्या कानावर चालवा," असं म्हणून त्यांनी जॅक काढला.

स्टेपनी लावून ते नेवासा फाट्यावर कृपाच्या दुकानात गेले. ती एलिया मिस्त्रीची लेक, टायरच्या कामात बापाच्याही पुढची. काकांनी आमची पिशवी तिच्यापुढं ठेवली. "हे बसत न्हाईत म्हनं."

कृपानं नव्या चाकाचं भोक बघितलं, मला त्यात धरून बघितलं. "कोन म्हनलं? चांगले बसत्यात, काका. खालचं रबर तेवढं नवं टाकते."

फाटका टायर तिनं मशीनवर रिममधून काढला आणि मला जागेवर बसवलं. नट मापात आवळला. मशीनचं पातं माझ्यापासून लांब ठेवत नवा टायर चढवला, बाकीच्या तिघांनाही आपापल्या जागी बसवलं. मग हातातलं छोटं यंत्र एकेका चाकाजवळ नेऊन तिनं गाडीला आमची ओळख करून दिली. एक चक्कर मारून आल्यावर बनुबाईंनी टिकली काढली. खाली दिवा नव्हता. चार आकडे होते, चारी तेहतीस.

त्यानंतर मी पहिल्यांदा खरी हाक दिली ती घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी.

"अहो, मागच्या डाव्याला सव्वीस दाखवतंय," बनुबाई मोठ्यानं म्हणाल्या आणि गाडी बाजूला घेतली. काकांनी उतरून बघितलं. टायरात बैलाच्या नालेचा खिळा घुसला होता.

"बरं झालं सांगितलंस."

"मी कुठं? त्यानं सांगितलं," त्या म्हणाल्या. माझं कौतुक तेवढंच झालं, पण मला ते पुष्कळ आहे.

काकांना आता कानाचं यंत्र मिळालंय. ते लावलं की बनुबाईंचं सगळं बोलणं ऐकावं लागतं, अशी त्यांची एकच तक्रार आहे.

माझ्या पोटातली बॅटरी आणखी तीन-चार वर्षं पुरेल. मग पडद्यावर माझा आकडा दिसणार नाही. तेव्हा चिडू नका, माझ्या जागी नवा सेन्सर बसवा. तुमच्याही गाडीत माझा कुणी भाऊ असेल. नवी चाकं हौसेनं घाला, फक्त त्याला बाहेर ठेवू नका.

आता आम्ही कर्जतला निघालोय, बनुबाईंच्या बहिणीकडे. रस्ता मोकळा आहे, चारी चाकं तेहतीसवर. चालत्या गाडीत काकांचा डोळा कधी लागला नव्हता, एकतीस वर्षांत एकदाही नाही. आत्ता डाव्या सीटवर ते घोरतायत, आणि बनुबाईंनी त्यांना उठू नये म्हणून रेडिओ बंद केलाय.