माझी मधली रेघ सरकली आहे

“…जबडा एका बाजूला गेलाय म्हणे पोरीचा. आता हाड कापून…” एवढं कानावर आलं आणि दवाखान्याचं दार लागलं. बाहेरच्या बाकावर बसून पोरीची मावशी फोनवर बोलत होती.

मी त्याच पोरीच्या दातांचा प्लास्टरचा साचा बोलतोय. मला कान नाहीत, पण दुसऱ्याच्या घरचं ऐकायला कान लागतातच असं नाही.

माझा जन्म कालचा. पोरीच्या तोंडात गार, चिकट लगदा भरला, त्याच्या ठशात प्लास्टर ओतलं आणि मी झालो, वरचा एक तुकडा, खालचा एक. ते जुळवायचे कसे हे कळावं म्हणून तिला मेणाची पट्टी चावायला दिली.

“घट्ट चाव गं, लाजतेस काय,” आई म्हणाली. पोरीनं आईच्या धाकानं कचकन चावलं. त्या पट्टीवर मला जुळवलं, तर वरच्या दोन पुढच्या दातांमधली रेघ एकीकडे आणि खालची पार दुसरीकडे.

पोरगी बासरी वाजवते. काल घरी गेल्यापासून तिनं बासरीला हात लावलेला नाही, असं आई आत येता येता सांगत होती.

डॉक्टरीणबाईंनी मला उचललं. तेवढ्यात फोन आटपून मावशीही आत आली. म्हणाली, “आमच्यात कुणाचं तोंड असं नव्हतं हो.”

“ताई, ही साच्यांची फळी बघा,” बाई म्हणाल्या. “ माझ्याकडे दात सरळ करायला येणाऱ्यांत मधली रेघ बरोब्बर जुळलेला साचा शोधावा लागतो. तो कोपऱ्यातला माझ्या सख्ख्या भावाचा.”

मावशीनं चष्मा लावून भाऊ बघितला. मग हळूच पर्समधला आरसा काढला, ओठ फाकवले आणि स्वतःच्या दातांतली रेघ शोधू लागली.

“पण हिचं हाड?” आईनं विचारलं.

बाई पोरीकडे वळल्या. “मान सैल सोड. जिभेचं टोक मागे टाळ्याला लाव. हळू मिट. पहिला दात टेकला की थांब.”

ती थांबली. दोन्ही रेघा जवळजवळ समोरासमोर.

“आता पूर्ण मिट.”

खालचा जबडा सर्रकन बाजूला गेला. आईनं खुर्चीचा दांडा धरला.

“एक दात आडवा येतो, त्याला चुकवायला जबडा सरकतो. घट्ट चावलं की जास्तच. एक्स-रेमध्ये हाड ठीक आहे, ते कापायचं नाही. तारा मात्र लावाव्या लागतील.”

“बासरी?” पोरीचा पहिला शब्द.

“तारा लावल्यावर ओठ थोडे दिवस कुरकुरतील. कुरकुरू देत. वाजव.”

आता मी फळीवर आहे, बाईंच्या भावाशेजारी. मला पुसताना पाडू नका हं. तारा निघाल्या की पोरीला तिची जुनी रेघ बघायची असेल.

बाहेर मावशीचा फोन पुन्हा सुरू झालाय. “अगं, जबडा जातो बाजूला, ते खरंच. पण हाडबीड काही कापत नाहीत. आणि ऐक, तूही जरा आरशात बघ.”